भोंग्याची दुसरी वायर

मिस्त्री ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचरखाली आडवे पडून वायर जोडत होते, नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. हात काळे, काखेत टॉर्च, तोंडात स्क्रू. त्यांनी फोन कसाबसा कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला आणि स्क्रू न काढताच "हं" म्हणाले.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"जेवलात?"

"हं."

"गोळी घेतली?"

"हं." गोळी घेतली नव्हती. पण तोंडात स्क्रू असला की थाप मारणं बरंच सोपं जातं.

"बरं, मी काय म्हणत होते," पलीकडे बायको जरा अडखळली. "हा तुमचा लबाड नातू काही मला सोडत नाही. सूनबाईचीही नोकरी. तर मग... आणखी दोन महिने राहू का इथे?"

मिस्त्रींनी स्क्रू थुंकला. आता तोंड मोकळं होतं, गाडीत दुसरं कुणी नव्हतं, "नको राहूस, ये" म्हणायला कुणाच्या बापाची भीती नव्हती. पण माणूस पडला मानी. ते म्हणाले, "राहा की. मला काय धाड भरलीये?"

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय? मी मजेत आहे. एकदम मजेत."

"बरं," ती म्हणाली. पण फोन कुणीच ठेवला नाही. शेवटी तिकडे नातवाने काहीतरी पाडलं आणि फोन बंद झाला.

आता ही मजा कशी होती ते सांगायला हवं. बायको मुलाकडे गेली ती सुनेच्या बाळंतपणाला, एका महिन्यासाठी. ते बाळ आता घरभर पळत होतं. इकडे मिस्त्री दुकानाच्या मागच्या खोलीत सकाळी उठून दोघांचा चहा टाकायचे आणि लक्षात आलं की दोन्ही वाटणीचा स्वतःच प्यायचे. रेडिओ दिवसभर चालू ठेवायचे. काही ऐकायचं असायचं असं नाही, घरात कुणीतरी बोलत असावं एवढंच. जेवण वर्कबेंचवर, करंट मोजायच्या मल्टिमीटरच्या शेजारी. गल्लीत कुणी विचारलं, "वहिनी कधी येणार?" की उत्तर तयार, "पुढच्या आठवड्यात." हा पुढचा आठवडा इतके दिवस पुढेच होता की लोकांनी विचारणंच सोडून दिलं. मिस्त्रींना त्याचंही वाईट वाटायचं.

तर फोन बंद झाला, पण हात चालू राहिले. हातांना काय, वर्षानुवर्षांची सवय. मागच्या बॅटरीवरून एक लाल वायर पेशंटच्या डोक्यावरच्या दिव्याला जायची होती. पुढच्या बॅटरीवरून दुसरी लाल वायर छतावरच्या भोंग्याला गेलेली होतीच. पिवळी वायर संपली होती म्हणून दोन्ही लाल. मिस्त्रींच्या डोक्यात 'दोन महिने, दोन महिने' एवढंच फिरत होतं, आणि हातांनी दिव्याची वायर उचलून भोंग्याच्या वायरला जोडली. नुसती जोडली नाही. छान पीळ दिला, कथिलाचा डाग मारला, टेप गुंडाळला, टेपचं टोक दुमडलं. असा देखणा जोड की जन्मात सुटायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. "बल्ब गेला असेल," मिस्त्री स्वतःशी म्हणाले आणि महत्त्वाच्या कामाकडे वळले. गाडी होती रस्त्याच्या टोकाच्या छोट्या दवाखान्याची. तिचा ड्रायव्हर बजावून गेला होता, "मिस्त्री, आवाज असा पाहिजे की पुढच्या ट्रकवाल्याच्या कानातला इयरफोन गळून पडला पाहिजे! सकाळीच गाडी न्यायला येतो."

मिस्त्रींनी डॅशबोर्डवरचं बटण दाबलं.

आवाज झाला. झाला म्हणजे काय! समोरच्या सलूनच्या काचा थरथरल्या, कुत्री पळाली, पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. मिस्त्री खूश झाले. त्यांनी बटण बंद केलं. आवाज चालूच. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद केलं. आवाज चालूच. झालं असं होतं की दोन बॅटऱ्यांचा करंट एकदम आल्यामुळे भोंगा चालू-बंद करणाऱ्या मधल्या रिलेची पात चिकटून बसली होती. पण भोंग्याला दोन्ही बॅटऱ्या जोडल्या गेल्यात हे मिस्त्रींना कुठे ठाऊक होतं? त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायरच काढून टाकली.

भोंगा वाजतच राहिला.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी हयात गाड्यांच्या वायरींत गेली, पण बॅटरी काढल्यावर वाजणारा भोंगा त्यांनी पाहिला नव्हता. वर चढून भोंग्याचीच वायर तोडावी, तर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून त्यांनीच तिथे सगळीकडून इतकं सील भरलं होतं की छिन्नीशिवाय काम नव्हतं. राहता राहिली एकच वाट, वायर हाताने चाचपत कुठून कुठे जाते ते बघायचं. पण त्या आवाजात विचार सुचेना. कान फाटायची वेळ आली. गाडीत प्रथमोपचाराची पेटी होती. त्यांनी त्यातला कापूस दोन्ही कानांत कोंबला, तो पडू नये म्हणून डोक्याभोवती पांढरी पट्टी गच्च बांधली आणि वायरचा माग काढत मागे आले. वायर स्ट्रेचरखाली गेली होती. खाली शिरायला जागा नव्हती, कारण तिथे आता मागची बॅटरी बसवलेली. मग मिस्त्री सरळ स्ट्रेचरवर उताणे झोपले, एक हात खाली सोडला आणि चाचपडू लागले.

बोटांना एक जोड लागला. मिस्त्री चरकले. इथे जोड कुणी दिला? कोण हा गाढव? त्यांनी टेपवरून बोट फिरवलं. टोक दुमडलेलं होतं. टेपचं टोक दुमडणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता.

आणि मग त्यांना कालचा फोन आठवला. ती कशी अडखळली होती, "नक्की ना?" कसं विचारलं होतं, आणि आपण काय बोललो. "एकदम मजेत." कानात कापूस होता, भोंगा लांब कुठेतरी वाजल्यासारखा वाटत होता, आणि खूप दिवसांनी निवांत पाठ टेकलेली होती. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट कापसात गेलं. वायर तोडायची आहे हेच ते विसरले. तसेच पडून राहिले.

गल्लीने मिस्त्रींना पाहिलं ते असं.

सगळ्यात आधी पोचल्या वरच्या मजल्यावरच्या मावशी. ॲम्ब्युलन्स दारात, भोंगा चालू, मागचं दार उघडं, आत मिस्त्री आडवे, डोक्याला पट्टी, एक हात खाली लोंबतोय, डोळ्यांत पाणी. "अगं बाई गं!" मावशी किंचाळल्या. मग सलूनवाला वस्तरा हातात घेऊन धावत आला आणि त्याच्या मागे त्याचं गिऱ्हाईक, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळलेलं.

"सरका, सरका, डॉक्टर आलेत!" मागून कुणीतरी ओरडलं. गिऱ्हाईक बिचारं पतपेढीत कारकून होतं. ते "नाही हो, मी..." म्हणत होतं, पण भोंग्यापुढे कोण ऐकतो? लोकांनी ढकलत ढकलत त्याला आत चढवलं. आत गेल्यावर काहीतरी करणं भाग होतं, म्हणून त्याने मिस्त्रींचं मनगट धरलं. मिस्त्री दचकून उठायला लागले.

"हलू देऊ नका!" कारकून घाबरून ओरडला. डॉक्टर असंच ओरडतात हे त्याने पाहिलेलं होतं. झालं! चार जणांनी मिस्त्रींना परत आडवं केलं आणि सलूनवाल्याने स्ट्रेचरचे पट्टे छातीवरून आणि पायांवरून आवळून टाकले.

"अरे, मला काही झालं नाही!" मिस्त्री ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना स्वतःलाही गेलं नाही. त्यांनी मोकळा हात जोरजोरात हलवला. 'निघा इथून, काही झालेलं नाही' असा त्याचा अर्थ.

"निरोप घेतायत हो!" मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या तशाच वर धावल्या, फोन करायला.

गर्दी वाढत गेली. कुणी म्हणालं करंट बसला. कुणी म्हणालं छतावरून पडले. ज्याच्या स्कूटरचा हॉर्न मिस्त्रींनी गेल्याच आठवड्यात दुरुस्त केला होता तो हुंदके देत सांगत होता, "काल माझ्याशी चांगले भांडले हो!" दोन बायका मिस्त्रींच्या खोलीत पाणी आणायला शिरल्या. इतके महिने त्या उंबऱ्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे चेहरे उतरले होते. "ओट्यावर एकच ताट आहे," एक दुसरीच्या कानात ओरडली, "आणि कप मात्र दोन."

एवढ्यात ड्रायव्हर आला. गर्दीतून वाट काढत गाडीपाशी पोचला, क्षणभर कान देऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा फुलला. "वा मिस्त्री!" तो ओरडला. "याला म्हणतात आवाज!" मग त्याने आत डोकावलं. "अहो, पण तुम्ही का पट्टे लावून घेतलेत? ते पेशंटसाठी असतात."

मिस्त्रींनी बोटांनी कात्रीची खूण केली. ड्रायव्हरला वाटलं, पट्टे कापायला सांगतायत. त्याने पट्टे सोडवले. मिस्त्री ताडकन उठले, लोक "अरे अरे" करेपर्यंत पक्कड घेतली, स्ट्रेचरखाली हात घातला आणि आपला तो देखणा जोड कचकन तोडला.

एकदम शांत झालं. इतकं शांत की मागच्या खोलीतला रेडिओ ऐकू यायला लागला.

"मला काही झालेलं नाही," मिस्त्री कानातला कापूस उपसत म्हणाले. "भोंगा अडकला होता."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कारकून अंगावरचं पांढरं कापड हळूच सोडायला लागला. खरं म्हणजे सगळ्यांनी चिडायला हवं होतं. पण कुणी चिडलं नाही. सलूनवाला म्हणाला, "असू दे. बरं झालं." हॉर्नवाल्याने नाक पुसलं आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मिस्त्रींना फार बरं वाटलं.

"अगं बाई!" मावशी वरून धापा टाकत आल्या. "अहो, तुम्ही उठून बसलात? मी तर तुमच्या बायकोला फोन केला!"

"काय सांगितलंत?"

"जे दिसलं तेच. डोक्याला पट्टी आहे, स्ट्रेचरवर ठेवलंय, डॉक्टर नाडी बघतायत आणि हात हलवून निरोप घेतायत."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि वर्कबेंचवरचा फोन उचलला. बायकोचे, मुलाचे, सुनेचे, कितीतरी फोन येऊन गेले होते. मुलाला लावला. "बाबा?" मुलाचा आवाज चिरकला. "तुम्हीच बोलताय? नक्की तुम्हीच? आई निघाली हो! मी येतो म्हटलं तर थांबली नाही. मीच स्टँडच्या रिक्षात बसवून दिली. संध्याकाळच्या आत पोचेल."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "मी ठीक आहे. काळजी करू नकोस." आणि फोन ठेवला.

"थांबा, मी तिला सांगते," मावशी म्हणाल्या. "काही झालं नाही, स्टँडवरूनच माघारी जा म्हणून."

"नको!" मिस्त्री ओरडले. भोंगा बंद असल्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मिस्त्री ओशाळले. "म्हणजे... आता बस सुटली असेल. धावत्या बसमध्ये फोनबिन नको."

गल्लीतले लोक अडाणी नव्हते. दोन कप आता सगळ्यांना कळले होते. मिस्त्रींचा हात डोक्यावरची पट्टी सोडायला गेला होता, तो तिथेच थांबला.

"राहू द्या पट्टी," सलूनवाला हळूच म्हणाला. "जरा सैल करून देतो फक्त."

"मी विश्रांती सांगितली म्हणा," कारकून म्हणाला. त्याला आता ते काम आवडायला लागलं होतं.

"आणि वहिनींना आणायला आपण माझ्या गाडीतून जाऊ," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही झोपून चला. दवाखान्यात मी सांगतो, गाडीची चाचणी चालू आहे म्हणून."

मिस्त्री तसे सरळ माणूस. कुणाचा चांगला पार्ट खराब म्हणून कधी बदलला नाही. आणि आता बायकोला फसवायला निघाले होते! बसस्टँडवर ॲम्ब्युलन्स उभी होती, मिस्त्री स्ट्रेचरवर छतातल्या न लागलेल्या दिव्याकडे बघत पडले होते आणि त्यांचं मन त्यांना खात होतं. ती रडली तर काय करायचं? आणि खोटं आहे हे कळलं तर? तर ती समोरच्या बसने परत जाईल, आणि पुन्हा रेडिओ आणि मल्टिमीटर. मिस्त्रींनी कण्हण्याचा सराव करून पाहिला. तो ड्रायव्हरलाच पटेना. "मिस्त्री, हे खोकल्यासारखं वाटतंय. जरा पोटातून येऊ द्या."

बस आली. थोड्या वेळाने ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडलं. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि पोटातून कण्हले.

"उठा," बायको म्हणाली.

"को... कोण?"

"कोण म्हणजे? उठा म्हणते ना. आणि ती पट्टी सोडा, बावळटासारखी दिसतेय."

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. ती रडत नव्हती. केस प्रवासाने विस्कटलेले, चेहरा दमलेला, आणि जरा बारीक झाली होती. त्यांना ती इतकी छान दिसली की दुसरा डोळाही उघडला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मावशींनी. त्यांच्या पोटात काही राहतं का? पहिल्या फोनने मी तशीच धावत सुटले. मग स्टँडवर पोचले तर त्यांचा दुसरा फोन. नुसता भोंगा अडकला होता म्हणे. मीच म्हटलं, मला कळलंय हे मात्र त्यांना सांगू नका. ते बरं जमलं त्यांना."

मिस्त्री उठून बसले. "म्हणजे बसमध्ये बसायच्या आधीच तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आलीस कशी?"

"नको होतं यायला? तशी परतीची बस उभी आहे."

"नाही, नाही!" मिस्त्री घाईने म्हणाले. त्यांनी पट्टी ओढून काढली. केस उभे राहिले. "मला करमत नाही गं," ते म्हणाले, "अजिबात करमत नाही. मजेत वगैरे काही नाहीये मी." आणि एवढं बोलून ते पट्टीची घडी घालायला लागले. ती घडी काही जमेना.

बायकोने आत चढून बाकावर बसत त्यांच्या हातातून पट्टी घेतली आणि नीट गुंडाळली. तेवढ्यात बाहेरून ड्रायव्हरचं ओरडणं ऐकू आलं. तो बसच्या टपावरून उतरवलेली एक लाकडी पेटी पोटाशी धरून वाकडा वाकडा चालत येत होता.

"वहिनी, यात दगड भरलेत की काय?"

"शिवणयंत्र आहे ते! आपटू नकोस."

मिस्त्री पेटीकडे बघत राहिले. हे तिचं यंत्र मुलाने मागच्या वर्षी येऊन नेलं होतं, नातवाची झबली शिवायला. ज्या घरात ते असेल त्या घरात ही राहणार, हे लग्नापासूनचं ठरलेलं होतं. पण नवऱ्याचं काही खरं नाही असं ऐकून धावत सुटलेली बाई शिवणयंत्र बरोबर घेते?

"एवढ्या घाईत हे कसं काय भरलंस?" त्यांनी विचारलं.

"घाईतच भरलं," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मागच्या महिन्यात. बांधून दाराशी ठेवलं होतं. रोज वाटायचं, आज तुम्ही ये म्हणाल."

ड्रायव्हरने घाम पुसला आणि पेटी ठेवायला जागा शोधायला लागला. जागा एकच होती. मिस्त्रींनी खाली उतरून पेटी स्ट्रेचरवर घेतली, छातीचा पट्टा आवळला, पायांचा पट्टा आवळला आणि पेटी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलत नाही याची खात्री झाल्यावर ते बायकोच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.